गेटाच्या आतला हिशेब

एप्रिल उजाडला की माझ्यासमोर एक तक्ता येऊन बसतो. सरलेल्या वर्षात किती युनिट वीज लागली, जनरेटरनं किती लिटर डिझेल प्यायलं, टाकीतून किती पाणी गेलं, ओला कचरा किती, सुका किती. हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी फॅसिलिटी बघते. लोक कोड लिहितात. त्यांना गार हवा, उजेड, चहा आणि स्वच्छ संडास मिळतोय ना, हे आम्ही पाहतो. 2004 मध्ये मी लागले तेव्हा आमच्या विभागाला कोणी हिंग लावून विचारत नव्हतं. एसी बंद पडला तरच आमची आठवण व्हायची. आता वार्षिक अहवालात आमच्या तक्त्याला चार गुळगुळीत पानं मिळतात, कोपऱ्यात हिरव्या पानाचं चित्र.

तक्त्याच्या तळाशी एक आकडा असतो: कोटीभर कमाईमागे किती कार्बन. तो दर वर्षी थोडा खाली येतो. खोटं कशाला बोलू, तो खाली आलेला बघून मला बरं वाटतं. त्यात आमची वर्षभराची खटपट असते. मग मी लॅपटॉप मिटते, गाडीत बसते, आणि गेटाबाहेर पडल्यावर वाकडचा पूल गाठायला पन्नास मिनिटं लागतात. अंतर पाचेक किलोमीटर. चालत गेले तरी तेवढ्याच वेळात पोचेन, चालण्याजोगा फुटपाथ असता तर.

साध्या उत्पादकतेत आपण विचारतो, इतकी माणसं, इतका पैसा, इतकी वीज घातली, बाहेर काय निघालं? हरित उत्पादकता म्हणणारे त्याला एक खवचट प्रश्न जोडतात: बरं, आणि घाण किती निघाली? अर्थशास्त्रज्ञ शहरांची अशी प्रगतिपुस्तकं काढतात. एकीकडे कामगार, भांडवल, ऊर्जा. दुसरीकडे शहराचं उत्पन्न, आणि त्याच्या शेजारी नकोसं उत्पादन: सांडपाणी, धूर, सल्फर डायऑक्साइड. चीनमधल्या शहरांवर असे अभ्यास ढिगानं झालेत. त्यातला एक लाडका प्रश्न असा, की डिजिटल धंदे एकाच ठिकाणी दाटीनं वसले तर ते शहर जास्त हिरवं होतं का? उत्तर बहुतेकदा ‘हो, पण’ या वळणाचं. कुणाला दिसतं की फायदा शेजारच्या शहरांपर्यंत झिरपतो. कुणाला दिसतं की दाटी एका मर्यादेबाहेर गेली की फायद्याची उलटी गिनती सुरू होते.

त्यातलं गणित माझ्या डोक्यावरून जातं. ‘पण’ मात्र मला चांगलाच ठाऊक आहे. मी रोज संध्याकाळी त्याच्यातच उभी असते.

हिंजवडी हे मुळशी तालुक्यातलं, ग्रामदैवत म्हातोबाचं गाव. (हिंजवडी, बरं का. ‘हिंजेवाडी’ हे बाहेरून आलेल्यांनी इंग्रजी पाटी वाचून केलेलं बारसं.) इथे आयटी पार्क कसं आलं, याची एक गोष्ट शरद पवारांनी जाहीर सभांमधून सांगितलेली आहे. या परिसरात साखर कारखाना व्हायचा होता, पवार त्याच्या भूमिपूजनाला आले आणि त्यांनीच सुचवलं की कारखाना दुसरीकडे न्या, ही जागा आयटीला द्या. कारखाना गेला कासारसाई-दारुंब्रेला. इथे एमआयडीसीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभं राहिलं, फेज एक, दोन, आणि मग माणच्या बाजूला तीन.

ट्रॅफिकमध्ये अडकले की मला हमखास तो न झालेला कारखाना आठवतो. साखर कारखाना उसाच्या मधोमध का बसतो? कारण ऊस तोडला की घाई असते. तो वाळला, साखरेचा उतारा घसरला, पैसे गेले. म्हणून गाळप उसाच्या जवळ जातं. आमच्या धंद्याचा कच्चा माल म्हणजे माणूस. तो दोन तास रस्त्यावर वाळला तरी त्याचा उतारा घसरलेला कुणाला लगेच दिसत नाही. त्यामुळे कारखाना माणसांजवळ नेण्याची कुणाला निकड वाटली नाही. माणसंच रोज कोथरूडहून, हडपसरहून, चिंचवडहून वाहून आणली आणि संध्याकाळी परत नेली. उसाची वाहतूक वर्षातून पाचेक महिने चालते. आमची बारा महिने.

हे सगळे धंदे एकाच ठिकाणी का गोळा झाले असतील? आल्फ्रेड मार्शल नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं 1890 मध्येच याची कारणं मांडून ठेवलीत: कसबी माणसं एकाच ठिकाणी मिळतात, त्या धंद्याला लागणारे जोडधंदे भोवती जमतात, आणि एकाचं ज्ञान दुसऱ्याला आपोआप लागतं. यातलं तिसरं कारण पुस्तकात जरा धूसर वाटतं. मला ते फेज एकच्या एका टपरीवर भेटलं.

2011 ची हिवाळी सकाळ असेल. शेजारच्या कंपनीत माझंच काम करणारा एक जण तिथे रोज कटिंग घ्यायला यायचा. आमच्या दोघांच्या साहेबांमध्ये विस्तव जात नव्हता, कंत्राटावरून स्पर्धा होती. आम्हाला त्याचं काय. तो म्हणाला, “मॅडम, डिसेंबरात चिलरचं पाणी सात अंशावर कशाला ठेवता? नऊवर न्या. कोणाला कळणारसुद्धा नाही.” चिलर म्हणजे एसीसाठी पाणी गार करणारं यंत्र. मी आधी उडवून लावलं. मग गुपचूप एका इमारतीत करून बघितलं. खरंच कोणाला कळलं नाही. चिलरच्या पाण्याचा एकेक अंश चढवला की त्याची वीज साधारण दोन-तीन टक्क्यांनी उतरते. ते एक वाक्य आमच्या कंपनीला सात रुपयांच्या चहात पडलं, आणि पैसेही त्यानंच दिले होते.

मग हेच वाक्य चिलर दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिककडून तिसऱ्या, चौथ्या कॅम्पसात गेलं. हा माणूस म्हणजे आमच्या पार्कातला परागकण वाहणारा भुंगा. एका आवारात बघितलेली युक्ती तो दुसऱ्या आवारात आपलीच म्हणून सांगतो. कॉरिडॉरमधले माणूस गेला की विझणारे दिवे, सांडपाणी शुद्ध करून ते संडासाच्या फ्लशला आणि बागेला फिरवणं, छपरावरचं सोलर, सगळं असंच पसरलं. इन्फोसिसनं 2020 मध्ये आपण कार्बन न्यूट्रल झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा पुढच्याच आठवड्यात आमच्या वरच्या मजल्यावरून निरोप आला: आपलं काय? हा निरोप मला गडचिरोलीत एकट्या उभ्या असलेल्या कंपनीत बसून आला नसता. शेजाऱ्याच्या दारात तोरण दिसलं की आपल्यालाही आंब्याची पानं आणावी लागतात. दाटीचा हा गुण मी कधीच नाकारणार नाही.

आता ‘पण’.

उत्सर्जनाचा हिशेब ठेवणारे जगभर तीन डबे करतात. पहिल्यात आपण स्वतः जाळलेलं: जनरेटरचं डिझेल, कॅन्टीनचा गॅस. दुसऱ्यात विकत घेतलेली वीज. तिसऱ्यात बाकीचं सगळं जग, आणि कर्मचाऱ्यांचं घर ते ऑफिस जाणंयेणं या तिसऱ्या डब्यात पडतं. पहिले दोन डबे मीटरवर चालतात, त्यात लबाडी करायला जागा कमी. तिसरा डबा म्हणजे आम्ही वर्षातून एकदा पाठवतो तो फॉर्म. तुम्ही कशानं येता, किती किलोमीटर. थोडे लोक भरतात. उरलेल्यांची आम्ही सरासरी धरतो. जे भरतात ते बहुधा सायकलवाले आणि कंपनीच्या बसवाले असतात, कारण त्यांना सांगायला अभिमान वाटतो. एकटा एसयूव्हीतून येणारा कशाला भरेल?

एकदा जॅममध्ये बसून मी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हिशेब केला. लॅपटॉप आणि स्क्रीन मिळून पन्नास वॉट धरा, नऊ तास. साधारण अर्धा युनिट. आपल्याकडच्या विजेत युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे दिवसाला तीनशे-साडेतीनशे ग्रॅम. आता तोच माणूस पंधरा किलोमीटरवरून एकटा कारनं येतो-जातो. तीस किलोमीटर, या ट्रॅफिकमध्ये लिटरला बारा किलोमीटर मिळाले तरी नशीब, म्हणजे अडीच लिटर पेट्रोल. एक लिटर पेट्रोलमागे साधारण 2.3 किलो. झाले पावणेसहा किलो. त्याच्या कामापेक्षा त्याचं कामावर येणं सतरा-अठरा पट काळं. एसीचा त्याचा वाटा धरला तर ही पट उतरते, पण पारडं प्रवासाचंच जड राहतं. आणि मी वर्षभर चिलरच्या दोन अंशांसाठी जीव काढतेय.

विजेचंही एक आहेच. शहराच्या प्रगतिपुस्तकात सल्फर आणि धूर मोजतात, तेव्हा सॉफ्टवेअरचं शहर आपोआप पहिल्या बाकावर जाऊन बसतं, कारण कोड लिहिताना धूर निघत नाही. तो निघतो चंद्रपूरला. 2,920 मेगावॉटचं औष्णिक केंद्र तिथे आहे, राख तिथे आहे, उन्हाळा आधीच जीवघेणा आहे तोही तिथेच. ग्रिडमध्ये कोयनेचंही पाणी आहे, सोलरही वाढतंय, हे खरं. पण पुण्याच्या हिरव्या गुणांत चंद्रपूरकरांच्या फुप्फुसांचा वाटा कुठेच लिहिलेला नसतो.

पाण्याचं जास्त बोचतं, कारण ते माझ्या घरी येतं. मी वाकडला राहते. आमच्या सोसायटीत दर उन्हाळ्यात टँकर लागतात, दिवसाला तीन, कधी पाच. पाण्याचा टँकर डिझेलवर चालतो हे तुम्हाला ठाऊक आहे, पण त्याचं डिझेल कुणाच्या खात्यावर जातं हे सांगून बघा. माझ्या कंपनीच्या नाही. सोसायटी असा तक्ता ठेवत नाही. टँकरवाला तर कशाला ठेवेल. आणि आमची सोसायटी तिथे उभी राहिली कशामुळे? पार्कमुळेच ना. दुसरीकडे आमच्या कॅम्पसात शुद्ध केलेलं सांडपाणी बागेला घालून, फ्लशला वापरून उरतं, पावसाळ्यात तर फारच. मी एकदा डोकं लावलं: हे उरलेलं पाणी बाहेरच्या रस्त्याच्या कामाला, धूळ बसवायला देऊ. तेवढेच टँकर कमी.

कोणाला विचारायचं? आवार एमआयडीसीचं. त्याच्या पलीकडची गावठाणाची जमीन ग्रामपंचायतीची. बांधकामाची परवानगी पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची. वाकडची हद्द लागली की पिंपरी-चिंचवड महापालिका. ट्रॅफिक पोलीस आणखी निराळे. मी चार ठिकाणी पत्रं पाठवली. एका कार्यालयातून फोन आला, बोलणारा गृहस्थ सज्जन होता. म्हणाला, कल्पना छान आहे, पण असं पाणी घ्यायचा आमच्याकडे फॉर्म नाही. मी हसले. माझ्याकडेही ते पाणी दाखवायला रकाना नव्हता.

ही चारचौघांची वाटणी 2025 च्या जूनमध्ये सगळ्यांना दिसली. पहिल्याच जोरदार पावसात आयटी पार्कातले रस्ते तुंबले, बसची चाकं पाण्यात गेली, व्हिडिओ घरोघरी पोचले. मग ओढे कुणी बुजवले याचा शोध सुरू झाला, नोटिसा निघाल्या. ओढ्याला काय, त्याला हद्द कळत नाही. तो एमआयडीसीतून निघतो, गावातून जातो आणि मुळेला मिळतो, वाटेत कुठेही अडवला की तिथेच बसतो. त्याच सुमारास रहिवाशांनी आणि आयटीवाल्यांनी ऑनलाइन मोहीम काढली की ही सगळी गावं एकदाची महापालिकेत घ्या. गावकऱ्यांत दोन मतं होती, आणि मला दोन्ही कळतात. ज्यांच्या जमिनीवर हा डोलारा उभा राहिला त्यांना ग्रामपंचायत ही शेवटची आपली म्हणावी अशी गोष्ट वाटते.

जुलैत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार भल्या सकाळी पाहणीला आले आणि वैतागून बोलले, की आपलं वाटोळं झालंय, हिंजवडीचं अख्खं आयटी पार्क बंगळुरूला, हैदराबादला चाललंय. त्याआधी 2024 मध्ये इथल्या उद्योजक संघटनेनं गेल्या काही वर्षांत 37 कंपन्या इथून गेल्याचं सांगितलं होतं. गेल्या म्हणजे कुठे? काही शहराबाहेर, काही पुण्यातच दुसऱ्या टोकाला. दाटी फुटली की ती विरत नाही, दुसरीकडे गोठते. खराडीच्या नाक्यावर संध्याकाळी सात वाजता उभं राहून बघा. बंगळुरूकडे जाणाऱ्यांनी तर बेळंदूरच्या तळ्याचं नाव काढून बघावं, जिथे आयटीच्या शेजारी फेस रस्त्यावर यायचा आणि 2017 मध्ये पाण्यानं पेट घेतला.

मगरपट्ट्याचं उदाहरण लोक नेहमी देतात. तिथल्या शेतकरी कुटुंबांनी जमीन विकून टाकली नाही. एकत्र केली आणि तिच्यावर स्वतः नगर वसवलं: घरं, शाळा, बाग, आणि मध्ये सायबरसिटी. तिथे घरून ऑफिसला चालत जाणारी माणसं मी पाहिलीत, आणि मला त्यांचा हेवा वाटतो. कसं असतं, धंद्यांची दाटी सगळीकडे झाली, पण माणसांची दाटी तिच्या शेजारी बसवायचा विचार तिथे आधी झाला. हिंजवडीत धंदा आधी आला, घरं मागाहून बिल्डरच्या सोयीनं आली, आणि नाल्या त्याच्याही मागाहून. मगरपट्ट्याच्या गेटाबाहेर पडलं की हडपसरचा जॅम लागतोच, तेही सांगायला हवं. गेट तिथेही आहे.

मेट्रोचं बोललं पाहिजे, नाहीतर मी एकांगी ठरेन. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर, सुमारे 23 किलोमीटर, 23 स्थानकं. असला मार्ग विखुरलेल्या गावांसाठी कोणी बांधत नाही. लाखो माणसं एकाच वेळी एकाच दिशेला जातात म्हणूनच तो बांधता येतो. म्हणजे ज्या दाटीनं रोग दिला, औषधही तिच्याच अंगात आहे. फक्त डोस यायला वेळ लागला. 2018 च्या डिसेंबरात पायाभरणी झाली, काम खऱ्या अर्थानं सुरू व्हायला 2021 ची अखेर उजाडली. त्यासाठी 2020 च्या लॉकडाउनमध्ये विद्यापीठ चौकातला पूल पाडला. 2025 संपेपर्यंत तरी मी तो मार्ग खालूनच पाहिला, त्याच्या खांबांनी अरुंद केलेल्या रस्त्यावरून. सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन दोन आठवड्यांत निघतं. काँक्रीटला त्याची सवय नाही.

त्या लॉकडाउनचं वर्ष माझ्या तक्त्यात वेगळंच दिसतं. 2020 च्या एप्रिलमध्ये आठ मजली इमारतीत आम्ही अकरा माणसं होतो: सुरक्षारक्षक, सर्व्हर बघणारा एक पोरगा आणि मी. कॅम्पसातल्या तळ्यावर बगळे आले. ऑफिस रिकामं, रस्ता रिकामा, आणि कंपनीचं काम एक दिवससुद्धा थांबलं नाही. सगळं घरातून झालं. हिशेबानं त्या वर्षी आमची हरित उत्पादकता आभाळाला टेकायला हवी होती, आणि टेकलीही. पण मला माहीत होतं की वीज गायब झाली नाही, ती आमच्या मीटरवरून लोकांच्या घरच्या मीटरवर गेली. शिवाय टपरी बंद होती. त्या दोन वर्षांत मला कुणीही एकसुद्धा नवी युक्ती सांगितली नाही. व्हिडिओ कॉलवर लोक कामाचंच बोलतात. चिलरचं कोण काढणार?

लोक परत आले तेव्हा पहिल्या आठवड्यात मी त्या टपरीवर गेले. चहा महाग झाला होता आणि शेजारच्या कंपनीतला तो गृहस्थ निवृत्त झाला होता.

आता पार्काच्या भोवती जमिनी डेटा सेंटरसाठी घेतल्या जातायत. 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टनं हिंजवडीत सुमारे 16 एकर जागा घेतल्याची बातमी होती, सुमारे 520 कोटींना. या इमारतींमध्ये माणसं कमी असतात. बस लागत नाहीत, कॅन्टीन लहान, पुलावर गर्दी नाही. वीज मात्र दिवसरात्र, न झोपता. तिथे माझ्यासारखी कुणी तक्ता भरायला बसली तर तिचा तिसरा डबा जवळजवळ रिकामा असेल आणि दुसरा तुडुंब. ट्रॅफिकला कंटाळलेली मी कधी कधी म्हणते, बरंच आहे. मग चंद्रपूर आठवतं.

गेल्या वर्षी तक्ता तपासायला एक तरुण ऑडिटर आली होती, चेन्नईची, फार हुशार. तिनं जुने महिने चाळताना 2024 च्या एप्रिलवर बोट ठेवलं. 23 तारीख, मंगळवार. कामाचा दिवस, विजेचा वापर अर्ध्याच्याही खाली, डिझेल शून्य, पाणी नगण्य. आणि लॉगिनचे आकडे मात्र नेहमीसारखे, म्हणजे काम पूर्ण झालेलं. “मीटर बंद होता का?” तिनं विचारलं.

मी तिला सांगितलं, हनुमान जयंती होती. त्या दिवशी हिंजवडीहून वाकडला म्हातोबाचं बगाड निघतं. लाकडाचा तो भला मोठा गाडा, वर गळकऱ्याचा मान मिळालेला माणूस, मागे अख्खा गाव, भंडारा-गुलाल. त्या दिवशी रस्ता म्हातोबाचा असतो, ना एमआयडीसीचा, ना महापालिकेचा. वाहतूक वळवतात, म्हणून आम्ही सगळ्यांना घरून काम करायला सांगतो.

तिनं पेन उचललं. शेरा काय लिहू, म्हणाली. मी म्हटलं, लिही, बगाड. तिनं स्पेलिंग विचारलं.